परसातलं भेदरं

आमच्या परभणी जिल्ह्यात टोमॅटोला भेदरं म्हणत. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका आजही म्हणतात. त्यांच्या सुना टमाटे म्हणतात आणि नातवंडे टोमॅटो. एका घरात तीन पिढ्यांचे तीन शब्द नांदतात आणि कुणाचे कुणावाचून अडत नाही. पण या तीन शब्दांनी सांगितलेली वस्तू एकच आहे का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. शब्द सहसा एकटा जात नाही. जाताना आपली वस्तूही बरोबर नेतो. मोट गेली तेव्हा नाडा आणि सोंदूरही गेले. भेदरं हा शब्द निघाला आहे, तेव्हा त्याच्यामागून काय निघाले आहे ते पाहावे, असे मनात आले. निवृत्त माणसाला असले उद्योग परवडतात.

ज्यांनी भेदरं पाहिले नाही त्यांच्यासाठी त्याचे वर्णन करतो. आकाराने लिंबापेक्षा मोठे, पण मोसंबीपेक्षा लहान. वरून-खालून दाबल्यासारखे चपटे. अंगावर लाल भोपळ्यासारख्या पाच-सहा ठसठशीत फाका. साल इतकी पातळ की नखाने सोलावी. कच्चेपणी देठाभोवती गडद हिरवे कडे, आणि फळ लालभडक झाले तरी त्या कड्याची पुसट खूण शिल्लक. चिरले की गर कमी आणि बियांभोवतीचा बुळबुळीत रसच जास्त. पाटावर ओघळच यायचा. चव आंबट, पण नुसती आंबट नव्हे. चिंचेच्या आंबटपणात जसा एक गोडसर खोलपणा असतो तसे काहीसे. चुलीच्या आरात भाजायचे, साल काढायची, हिरवी मिरची, लसूण आणि मीठ घालून पाट्यावर रगडायचे, वरून कच्चे तेल. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही चटणी असली की कोरड्यासाची आठवण कुणाला येत नसे. वरणात चिंच नको, आमसूल नको. दोन भेदरी टाकली की काम झाले.

ते विकत कुणी आणत नसे. न्हाणीच्या सांडपाण्यावर, परसात, उकिरड्याच्या कडेला आपसूक उगवायचे. कुंपणावर, तुराट्यांच्या ढिगावर चढायचे. त्याला कुणी फवारले नाही की खत घातले नाही. त्यामुळे ते गेले तेव्हाही कुणाच्या लक्षात आले नाही. विकत घ्यायच्या वस्तूची टंचाई होते. फुकट मिळणारी वस्तू मात्र बोभाटा न करता नाहीशी होते.

गावरान म्हटले तरी भेदरं मूळचे इथले नव्हे, हेही सांगितले पाहिजे. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पेरू-इक्वेडोरच्या डोंगराळ मुलखातले. फळ मनुकेएवढे, आत दोनच कप्पे. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी निवड करीत करीत ते मोठे केले, कप्पे वाढले, आणि त्या वाढलेल्या कप्प्यांच्या खुणा म्हणजेच अंगावरच्या फाका. त्यांच्या भाषेत त्याला तोमात्ल म्हणत. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ते युरोपात नेले आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते आपल्याकडे उतरले. बंगालीत त्याला बराच काळ ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगे म्हणत. आपल्या देवधर्माच्या स्वयंपाकात, श्राद्धाच्या पानात अनेक घरांत टोमॅटोला मज्जाव असे तो त्याच्या या परकेपणामुळेच. म्हणजे गावरान हे जन्मावर ठरत नाही, राहण्यावर ठरते. परक्या बियाने आमच्या काळ्या मातीत, आमच्या उन्हात पिढ्यान् पिढ्या काढल्या. जे तगले त्याचे बी कुणीतरी राखले, जे मेले त्याचे नाव उरले नाही. मिरची अशीच आली, भुईमूगही असाच आला. आता त्यांना परके म्हणण्याची कुणाची छाती आहे?

मग हे भेदरं गेले कसे? यात कुणी खलपुरुष नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा रुबी’ नावाचे वाण काढले. अमेरिकेतले ‘सू’ आणि आपल्याकडचे सुधारित मेरठी यांचा तो संकर. ते देशभर गेले. राहुरीच्या विद्यापीठाची ‘भाग्यश्री’, ‘धनश्री’ आली. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झाले. ‘परभणी क्रांती’ भेंडीने केवडा रोगाला तोंड दिले आणि विद्यापीठाचे नाव घरोघर गेले. टोमॅटोत ‘परभणी यशश्री’ आली. पाठोपाठ खासगी कंपन्यांची संकरित वाणे आली. जाड सालीचा, अंडाकृती, टणक टोमॅटो नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून क्रेटमध्ये बसून दिल्ली-कोलकात्यापर्यंत जाऊ लागला. हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास करून तो फुटत नाही, हाच त्याचा गुण. आमचे भेदरं परसातून चुलीपर्यंत नेतानाच पदराला डाग पाडायचे. त्याला कोण क्रेटमध्ये भरणार?

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. त्यातली बरीच वर्षे मराठवाड्यातल्या शाखांत, शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. कुठल्या पिकाला एकरी किती कर्ज द्यायचे याचे एक कोष्टक असते. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दर वर्षी ते ठरवते. कापूस, सोयाबीन, तूर, ऊस, हळद आणि टोमॅटोसुद्धा. प्रत्येकापुढे बियाणे, खत, औषध, मजुरी. त्या कोष्टकातला बियाण्याचा रकाना वर्षागणिक फुगत गेलेला मी पाहिला आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ज्वारी-तुरीचे बी म्हटले की शेतकरी हसून म्हणायचा, ‘‘ते घरचंच हाय की सायेब.’’ शेवटी शेवटी ‘घरचं’ हा शब्द अर्जात येईनासा झाला. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढवले, अनेकांची लग्ने-शिक्षणे त्यावर झाली, हे माझ्याच खातेवहीत लिहिलेले आहे. पण बँकेच्या माणसाला एक सवय असते. एखाद्या घरातली सगळी ठेव एकाच जागी अडकलेली दिसली की तो अस्वस्थ होतो.

शोध सुरू केला तो २०१८च्या दिवाळीनंतर. जिंतूर, सेलू, पाथरी, पालम इथल्या जुन्या खातेदारांना विचारले. बहुतेकांचे उत्तर एकच: ‘‘होतं बाप्पा, आता नाही.’’ चार ठिकाणांहून बी आले. ते लावले तर कुठे सरळ सरळ बाजारचा टोमॅटो निघाला, कुठे बोराएवढा चेरी टोमॅटो. शेवटी २०१९च्या उन्हाळ्यात गंगाखेड तालुक्यात गोदाकाठच्या एका गावी एक मावशी भेटल्या. वय विचारले तर म्हणाल्या, ‘‘रझाकाराच्या गडबडीत माझं लगीन झालं. तेरावं सरलं नव्हतं.’’ म्हणजे १९४८ धरले तर पंच्याऐंशीच्या घरातल्या. ‘‘म्या आले तवा सासूच्या परसात हेच भेदरं होतं. तिनं तिच्या माहेरातून आणलेलं.’’

बी कुठे आहे विचारल्यावर उतरंडीतल्या एका गाडग्यातून पावडरीचा पत्र्याचा जुना डबा निघाला. त्यात राख, आणि राखेत एका फडक्याची पुरचुंडी. पिकलेले फळ गोवरीवर फोडून बी वाळवायचे आणि राखेत ठेवायचे, ही त्यांच्या सासूची रीत. पण हे बी ताजे नव्हते. २०१४ आणि २०१५ अशी ओळीने दोन वर्षे मराठवाड्यात पावसाने दगा दिला. आड आटला, प्यायला टँकरचे पाणी, मग परसाला कुठून घालणार? तेव्हापासून लावलेच नव्हते. शिवाय मुलांनी परसाच्या जागेवर स्लॅबच्या खोल्या काढायला घेतल्या होत्या. म्हणजे बी सहा वर्षांचे आणि त्याची माती पुढल्या दिवाळीपर्यंत सिमेंटखाली जाणार. टोमॅटोचे बी कोरड्या जागी चार-पाच वर्षे बरे टिकते. पुढे उगवण घसरत जाते. पुरचुंडीत बिया मोजल्या: त्रेचाळीस. मावशींनी सगळीच माझ्या हातावर ओतली. थोडे ठेवून घ्या म्हटले तर म्हणाल्या, ‘‘ठिवून काय करू सायेब? लावाया जागा नाही, अन् वाकाया कंबर नाही.’’

एखाद्याची आयुष्यभराची ठेव अशी पावतीशिवाय हातात घेण्याची वेळ बँकेच्या नोकरीत कधी आली नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस बी टाकले. माती, शेणखत आणि वाळू समप्रमाणात घेऊन ट्रे भरले. पाचव्या दिवशी काही नाही, आठव्या दिवशी काही नाही. दहाव्या दिवशी एक कोंब दिसला, आणि पंधराव्या दिवसापर्यंत सात झाले. त्रेचाळीसात सात. एक रोप कोलमडून गेले. सहा रोपे सप्टेंबरच्या शेवटी घराच्या अंगणात गादीवाफ्यावर लावली. आमची काळी माती पाणी धरते. सपाट जागी टोमॅटो लावला की मुळ्या कुजतात, म्हणून वाफा वीतभर उंच केला. हे शहाणपण ऑक्टोबरात कामाला आले. २०१९चा तो परतीचा पाऊस मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना आठवत असेल. काढणीला आलेले सोयाबीन शेतात कुजले, कापसाची बोंडे काळी पडली. माझे शेत सहा रोपांचे, पण रात्री छत्री आणि बॅटरी घेऊन वाफ्यापाशी उभे राहताना मला पहिल्यांदा शेतकऱ्याच्या पोटातल्या गोळ्याची थोडीशी ओळख झाली.

दोन रोपांची पाने आखडून गोळा झाली. हा पर्णगुच्छ, म्हणजे विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि त्याला औषध नाही. रोप उपटून जाळणे एवढाच उपाय. उरली चार.

चारही रोपे तुराट्यांवर चढली. ती थांबेचनात. बाजारातली बरीचशी वाणे ठरावीक उंचीला शेंडा थांबवतात, फळे एकदम देतात, म्हणजे तोडणीला सोपे. ही रोपे मात्र पुरुषभर उंच जाऊन पुन्हा खाली लोंबली. डिसेंबरात फळे धरली आणि कोडे सुरू झाले. तीन रोपांना फाका असलेली चपटी फळे, देठाशी गडद हिरवे कडे. चौथ्याला गोल, गुळगुळीत, एकसारखी फिक्कट हिरवी, फोटोत शोभतील अशी देखणी फळे. यातले भेदरं कोणते?

विद्यापीठातून निवृत्त झालेले एक भाजीपाला शास्त्रज्ञ माझे स्नेही आहेत. ते येऊन तासभर चारी झाडांपुढे बसले. त्यांनी पान पाहिले, फूल उकलून पाहिले. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते असे: टोमॅटोचे फूल आपलाच पराग घेऊन फळ धरते, म्हणून त्याचे शुद्ध बी पिढ्यान् पिढ्या तसेच राहू शकते. पण काही जुन्या वाणांत स्त्रीकेसर नळीच्या बाहेर डोकावतो आणि मग मधमाशी शेजारचा पराग आणू शकते. आमच्या फाकावाल्या फुलांत तो किंचित बाहेर होता. दुसरी खूण त्या हिरव्या कड्याची. गेल्या शतकात पैदासकारांनी एकसारखी फिक्कट हिरवी, एकसारखी पिकणारी फळे निवडली, कारण ती तोडायला आणि विकायला सोयीची. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन आले. या निवडीत एक जनुक निकामी होत गेले आणि ते नेमके फळातली हरितद्रव्ये, पर्यायाने साखर वाढवणारे होते! म्हणजे आजीच्या भेदऱ्याच्या गळ्यातले ते हिरवे कडे म्हणजे कुरूपपणा नव्हता, चवीची ती सही होती. तिसरी गोष्ट रसाची. बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात आम्ल आणि चव खुलवणारी द्रव्ये गरापेक्षा जास्त असतात. कप्पे जास्त तर रस जास्त. बाजारच्या टोमॅटोत गर वाढवला, रस कमी केला. सँडविच ओले होत नाही, पण चटणीही होत नाही.

‘‘मग हेच भेदरं,’’ मी म्हटले.

‘‘घाई नको,’’ ते म्हणाले. ‘‘पुसा रुबीही चपटी असते, तिलाही हलक्या फाका असतात. गावोगाव ती गेली होती. तुमच्या मावशींच्या परसात ती शिरली नसेल कशावरून? दोन गोष्टी करा. ज्यांचे बी आहे त्यांना दाखवा. आणि पुढच्या वर्षी दोन्हींचे बी वेगवेगळे लावा. शुद्ध वाण असेल तर सगळी पोरे आईसारखी निघतील. संकरिताचे बी असेल तर दुसऱ्या पिढीत कुणी काकावर, कुणी मामावर.’’

जानेवारीत दोन्ही प्रकारची फळे दोन पिशव्यांत घेऊन गंगाखेडला गेलो. मावशींची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी गोल फळ हातात घेतले, गोंजारले आणि बाजूला ठेवले. ‘‘हे बाजारचं.’’ दुसरे घेतले. अंगठा फाकांवरून फिरवला. देठ मोडून वास घेतला. मग सुनेला म्हणाल्या, ‘‘चुलीत घाल.’’ सुनेने गॅसवर भाजले, कारण चूल आता नव्हती. पाटा होता. चटणी झाली. मावशींनी भाकरीच्या तुकड्याला लावून एक घास खाल्ला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी, त्यांचा मुलगा, सून, नातू असे चौघे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग त्या सुनेला म्हणाल्या, ‘‘मीठ कमी झालं. पर भेदरं हेच.’’

प्रयोगशाळेचा अहवाल म्हणून हे कुणी स्वीकारणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढची परीक्षाही झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आम्ही सगळेच घरात बसलो. त्या सक्तीच्या फुरसतीत मी बी नीट काढून वाळवले. ऑगस्टात फाकावाल्याची चोवीस आणि गोल फळाची बारा रोपे केली. गोल फळाच्या बारा पोरांत ठेंगणी होती, उंच होती, लांबट फळाची होती, पिवळसर होती. एका बापाची वाटू नयेत अशी. ते संकरिताचे बी होते; कधीतरी बाजारातल्या टोमॅटोच्या फोडी परसात पडून पुरचुंडीत आलेले. फाकावाल्याची चोवीसच्या चोवीस झाडे एकसारखी. तीच उंची, तेच चपटे फळ, तेच हिरवे कडे. पुसा रुबीचे बी मिळवून शेजारी दोन झाडे लावली होती. फाकांची खोली आणि फळाचा आकार दोन्ही वेगळे पडले. माझ्या शास्त्रज्ञ स्नेह्यांनी मान डोलावली. वाणाला अधिकृत नाव नाही, पण ते स्वतःसारखी संतती देते आणि ते इतरांहून वेगळे आहे, एवढे त्यांनी मान्य केले.

अशी ओळख पटवण्याचा छंद जगभर आहे. अमेरिकेत क्रेग लहूलियर नावाच्या गृहस्थांना १९९० साली टेनेसी राज्यातल्या जे. डी. ग्रीन यांच्याकडून टपालाने एका निनावी टोमॅटोचे बी आले. हे बी मूळ चेरोकी आदिवासींकडचे, एवढीच त्याची वदंता. लहूलियर यांनी ते लावले, जांभळट फळ पाहून त्याला ‘चेरोकी पर्पल’ नाव दिले आणि ते बी कंपन्यांना वाटले. आज त्या देशातल्या हौशी बागांत ते सर्वांत आवडत्या टोमॅटोंपैकी एक आहे. पण मला, बँकवाला म्हणून, त्याहून प्रिय गोष्ट चार्ली बायल्स यांची. पश्चिम व्हर्जिनियात ते मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करीत. घर गहाण होते. त्यांनी मधोमध ‘जर्मन जॉन्सन’ टोमॅटोचे झाड लावले, भोवती इतर मोठ्या फळांची झाडे, आणि त्यांचे पराग मधल्या झाडाला देऊन वर्षानुवर्षे निवड करीत एक भलेमोठे, मांसल फळ तयार केले. त्याची रोपे १९४०च्या दशकात त्यांनी एक डॉलरला एक अशी विकली आणि सहा वर्षांत सहा हजार डॉलरांचे गहाण फेडले. त्या वाणाचे नावच पडले ‘मॉर्गेज लिफ्टर’, गहाण सोडवणारा! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही गमतीने म्हणतो. जर्मन जॉन्सनने गहाण सोडवले; परभणीच्या भेदऱ्याला ते जमेल का?

खरे उत्तर असे की, जमणार नाही. ताळेबंद मांडून पाहिला आहे. भेदऱ्याचे झाड बाजारच्या वाणाच्या निम्म्यानेही फळ देत नाही. तोडल्यावर दुसऱ्या दिवशी फुटते. विषाणूला बळी पडते. कुणी शेतकऱ्याने कर्ज काढून एकरभर भेदरं लावतो म्हटले तर मी त्याच्या पाया पडून त्याला थांबवीन. ज्यांचे पोट टोमॅटोवर आहे त्यांना उत्पन्न देणारी, रोगाला तोंड देणारी वाणेच हवीत. बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’सारखी तीन-तीन रोगांना टक्कर देणारी वाणे ही गरजेची गोष्ट आहे. गावरान म्हणजे पवित्र आणि संकरित म्हणजे पाप, असली भाषा परसात पाय न ठेवणाऱ्यांनी करावी.

पण परस म्हणजे शेत नव्हे. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर-दीडशेच्या पुढे गेला आणि घरोघर आमटीचा रंग बदलला. त्याच वर्षी उन्हाळ्यात भाव पडून शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला होता. ज्याच्या दारी दोन झाडे आहेत त्याला या दोन्ही बातम्यांशी कर्तव्य नसते. शिवाय आजच्या वाणांना उद्या नवा रोग येईल तेव्हा पैदासकार शोधायला जाणार ते जुन्याच बियांकडे. रानटी भेंडीच्या नात्यातूनच तर ‘परभणी क्रांती’त रोगाला तोंड देण्याची ताकद आली. टाकाऊ म्हणून सोडलेल्या गोष्टीत काय दडले आहे, हे ती गेल्यावर कळून उपयोग नसतो.

वाचकांपैकी कुणाच्या माहेरी असे काही शिल्लक असेल, तर बी राखण्याची कृती सांगतो. सर्वांत निरोगी झाड निवडा. सर्वांत मोठे फळ देणारे नव्हे, तर रोग न लागलेले. फुले उमलण्याआधी एखाद्या घोसाला मलमलीची पातळ पिशवी बांधा म्हणजे मधमाशी यायची नाही. फळ धरले की पिशवी काढून घोसाला दोरा बांधा, नाहीतर घरातले कुणीतरी तेच आमटीत घालते. झाडावरच पूर्ण पिकू द्या. बी रसासकट काचेच्या पेल्यात काढून दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर पांढरट साय येते, वास येतो; घाबरू नका. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो, तो या आंबण्याने सुटतो. मग भरपूर पाण्यात धुवा. तरंगेल ते ओता, तळाशी बसेल ते ठेवा. सावलीत ताटलीवर वाळवा; कागदावर नको, चिकटते. कागदी पाकिटात घालून, वर वाण, गाव आणि साल लिहून, हवाबंद डब्यात ठेवा. साल लिहायला विसरू नका. लावायची वेळ आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबर. मार्चनंतर परभणीच्या उन्हात फुले नुसती गळतात. वाफ्याच्या कडेने झेंडू लावा. फळे पोखरणारी अळी झेंडूकडे वळते आणि दसऱ्याला तोरणही होते.

कायदाही या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २००१च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा, छापील ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणांची नोंदणी करण्याचीही तीत सोय आहे. जुनी वाणे जतन करणारा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो दिल्लीला आहे आणि त्याचे केंद्र आपल्या अकोल्याला. आणि हे काम करायला पदवी लागत नाही, हे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवून दिले आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी शेकडो गावरान बियांचा साठा उभा केला आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

माझा साठा एका वाणाचाच. त्याची पतपेढी मी जुन्या रिवाजाने चालवतो. चमचाभर बी न्यायचे आणि वर्षाने दोन चमचे परत आणायचे. शंभर टक्के व्याज. सावकारालाही लाजवील असा दर, पण एकाही कर्जदाराने कुरकुर केलेली नाही. २०२१ पासून आजवर एकतीस घरांना बी दिले. वसुली नऊ घरांची. उरलेल्यांत कुणाचे रोग लागून गेले, कुणाचे माकडांनी खाल्ले, एका ताईंनी प्रांजळपणे सांगितले की चटणी इतकी चांगली झाली की बियांना फळच उरले नाही. वसुलीचे हे प्रमाण घेऊन मी नोकरीत असताना साहेबांपुढे उभा राहिलो असतो, तर काय झाले असते ते सांगायला नको. इथे मात्र मी समाधानी आहे. २०१९ साली हे बी एका डब्यात होते. आज ते नऊ घरांच्या मातीत आहे, त्यांतले एक घर गंगाखेडला आहे. मावशी २०२२ साली गेल्या. स्लॅबच्या खोल्या झाल्या. पण गच्चीवर सुनेने रंगाचे रिकामे डबे मांडले आहेत आणि त्यांत चार झाडे आहेत. गेल्या वर्षी तिने परतफेडीचे बी पाठवले, राखेत घालून. पाकिटावर साल लिहिले होते.